आत : एक

तिला सगळे किल्ली म्हणत. हे नाव पाडलं तिच्या ताईनं, तेही ती नोकरीवर रुजू झाली त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत. आता या इमारतीतलं कुठलं दार कोणाला उघडायचं ते माझी धाकटी बहीण ठरवणार, तेव्हा तिच्याशी जरा नीट वागा, असं ताई म्हणाली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. थोड्याच दिवसांत खुद्द साहेब फोनवर ‘जरा किल्लीला द्या’ म्हणू लागले. गंमत अशी, की त्या इमारतीत किल्ली नावाची वस्तू औषधालाही नव्हती. सगळी दारं कार्डावर चालायची.

इमारत म्हणजे नमुन्यांची कोठी होती. वेगवेगळ्या इस्पितळांतून आलेले रक्ताचे आणि पेशींचे नमुने बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांत भरून तिथे वर्षानुवर्षं गोठवून ठेवत. तळमजल्यावर एक अरुंद बोळ होता, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरायचं, असा. त्याच्या टोकाला थंड खोली. खोलीत कमरेएवढ्या उंचीच्या ढेरपोट्या टाक्या ओळीनं उभ्या होत्या आणि टाक्यांत द्रव नायट्रोजन होता. ताई या खोलीची तंत्रज्ञ. टाकीचं झाकण उचललं की पांढरं धुकं काठावरून ओघळायचं आणि फरशीवर घोट्यापर्यंत पसरायचं. नवीन माणसाला ते फार सुंदर वाटे. जुनी माणसं त्याच्याकडे संशयानं बघत.

नायट्रोजन विषारी नसतो. आपण श्वास घेतो त्या हवेत बहुतेक तोच असतो. पण बंद खोलीत तो उकळत राहिला की ऑक्सिजनला बाजूला सारतो, आणि वाईट म्हणजे माणसाला याचा पत्ता लागत नाही. शरीराला कार्बन डायऑक्साइड वाढलेला कळतो, ऑक्सिजन कमी झालेला कळत नाही. दम लागत नाही, जीव घाबरत नाही. फक्त जरा बसावंसं वाटतं.

म्हणून त्या खोलीला एक नियम होता: एकट्यानं जायचं नाही. नियम भिंतीवर लिहून भागत नाही, तेव्हा तो दारातच घातला होता. आत कोणी नसेल तर लागोपाठ दोघांची ओळख पटल्याशिवाय दार उघडायचं नाही. आत आधीच कोणी असेल तर मात्र एकट्या माणसाला घ्यायचं, कारण तो गेला की दोघं होतात. बाहेर येताना प्रत्येकानं आतल्या बाजूला कार्ड टेकवायचं. दारावर एक छोटी पाटी होती, तीवर ‘आत’ असा शब्द आणि पुढे लाल आकडा.

नव्या माणसांना किल्ली हे सगळं हौसेनं समजावून सांगायची. यंत्राला तुमची ओळख तीन गोष्टींवरून पटते, ती म्हणायची. तुमच्याजवळ काय आहे, म्हणजे कार्ड. तुम्हाला काय ठाऊक आहे, म्हणजे पिन. आणि तुम्ही काय आहात, म्हणजे तळहात. त्यातल्या शिरांचं जाळं दुसऱ्या कोणाचं तसं नसतं. आणि एवढं होऊनही ओळख पटणं निराळं, परवानगी असणं निराळं. दार तुम्हाला ओळखतं म्हणून ते तुम्हाला आत घेईलच, असं नाही.

“म्हणजे माझ्या सासुरवाडीसारखं,” शिडी म्हणाला होता. शिडी हा ताईचा जोडीदार तंत्रज्ञ, उंचीमुळे हे नाव. वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की सगळी इमारत त्यालाच हाक मारायची.

आता ‘आधी तुम्ही’वाल्या काकांविषयी सांगायला हवं.

काका थंड खोलीतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. ताईला आणि शिडीला काम त्यांनीच शिकवलेलं. त्यांची एक खोड होती. ते कुठल्याही दारातून कोणाच्या आधी जात नसत. समोर साहेब असोत नाहीतर झाडूवाली, काका खांद्यानं दार धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, “आधी तुम्ही.” संध्याकाळी थंड खोलीतून सगळे एकदम निघायचे तेव्हा पहिला माणूस कार्ड टेकवी, मागचेही टेकवीत, काका दार धरून उभे. शेवटी तेही निघत. दार तर उघडंच आहे, मग कार्ड टेकवतंय कोण? त्यामुळे यंत्राच्या लेखी काका आतच राहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं कार्ड दार नाकारायचं. आत गेलेलं कार्ड बाहेर आल्याशिवाय पुन्हा आत जाऊ शकत नाही, असाही एक नियम असतो. एकानं आत शिरून तेच कार्ड मागच्याला द्यायचं, असले उद्योग होऊ नयेत म्हणून. मग काका वर येऊन कार्डांच्या खिडकीशी उभे राहत, आणि तिथला माणूस स्क्रीनवर ‘बाहेर आहे असे समजा’ हे बटण दाबून त्यांची सुटका करी. “काय काका, रात्री आतच मुक्काम वाटतं?” तो रोज विचारायचा. “हो ना, गारेगार झोप लागली,” काका रोज म्हणायचे. किल्लीच्या आधी त्या खुर्चीवर जो माणूस होता, त्याचा दिवस असाच सुरू व्हायचा.

एके दिवशी काका नेहमीसारखे दार धरून सगळ्यांच्या शेवटी निघाले, घरी गेले, जेवून झोपले आणि उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी खिडकीशी कोणी आलं नाही, त्यामुळे कोणी बटण दाबलं नाही.

किल्ली त्यानंतर काही महिन्यांनी आली. आल्याआल्या तिनं सगळी खाती तपासायला घेतली. कोणाला कुठल्या दाराची परवानगी आहे आणि खरंच तिची गरज आहे का, हे एकेक करून बघायचं. ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं, त्याहून तसूभर जास्त नाही. सुरुवात तिनं स्वतःपासून केली. थंड खोलीत आपलं काही काम नाही, म्हणून तिथली स्वतःचीच परवानगी काढून टाकली. साहेब यावर हसले होते. मग तिला काकांचं खातं सापडलं. माणूस गेला आणि खातं मागे राहिलं की त्याला या धंद्यात अनाथ खातं म्हणतात. ते खुंटीवर राहिलेल्या सदऱ्यासारखं असतं. कोणीही येऊन अंगात घालावा आणि त्या नावानं हिंडावं. मेलेल्या माणसाच्या हाताचा नकाशा ठेवून घेणं नियमात बसत नव्हतं, म्हणून तिनं आधी तो पुसला. मग खातं बंद करायला गेली तर स्क्रीननं नकार दिला. ‘ही व्यक्ती आत आहे. आत असलेल्या व्यक्तीचे खाते बंद करता येत नाही.’

नियम चांगला होता. आतल्या माणसाचं खातं बंद केलं तर तो बाहेर कसा येणार? तरी ते वाक्य किल्लीनं दोनदा वाचलं. ती उठून खाली गेली. थंड खोलीपाशी कोणी नव्हतं. दारामागे पंखा घुमत होता, दाराच्या काचेतून आतले दिवे दिसत होते, आणि पाटीवर लिहिलं होतं: आत : १.

तिला वाटलं होतं, आपल्याला मोठा शोध लागला. पण सगळ्यांना ठाऊक होतं. तंत्रज्ञांच्या जागा कमी झाल्या होत्या, काकांच्या जागी कोणी आलं नव्हतं. दोघांनी मिळून जायचं तर निम्मं काम पडून राहिलं असतं. पण काका आत असल्यामुळे दार एकट्यालाही घेत होतं. ताई एकटी जायची, शिडी एकटा जायचा. जाताना म्हणायचे, काका आहेत ना. सुरुवातीला थट्टेनं म्हणत असतील. आता त्यात थट्टा राहिली नव्हती. दार धरायची काकांची पद्धतही त्यांनी उचलली होती. बाहेर येणारा आत जाणाऱ्याला दार धरून ‘आधी तुम्ही’ म्हणायचा आणि दोघं हसायचे.

किल्ली साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले की नवी माणसं मागितली आहेत, ती येईपर्यंत जे चाललंय ते चालू द्या. वरून त्यांनी असंही सुचवलं की गेलेल्या माणसाला एवढी घाई नसते.

त्या संध्याकाळी बसथांब्याकडे चालताना किल्लीनं ताईजवळ विषय काढला. आई गेल्यावर ताईनंच तिला वाढवलेलं. ताईला काही झालं तर, हे वाक्य किल्ली मनातसुद्धा कधी पुरं करीत नसे.

“तू आत एकटी जातेस,” ती म्हणाली.

“एकटी कुठे? पाटी वाच की. माझ्यासकट दोन.”

“त्यातला एक मेलेला आहे, ताई.”

ताईनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग तिनं सांगितलं, की परवा पलीकडच्या टोकाची टाकी भरून मी वळले तर ट्रॉली दाराकडे तोंड करून उभी होती; मी तशी ठेवली नव्हती. काका नेहमी तशी ठेवायचे, निघायची वेळ झाली की. किल्लीनं लगेच विचारलं, तिथे फरशीला मोरीकडे ढाळ आहे ना? चाकाची ट्रॉली ढाळावर आपोआप वळते.

“तुझ्याकडे सगळ्याला ढाळ असतो,” ताई हसून म्हणाली. “मी भुतंखेतं मानत नाही, बाई. पण आत असताना मला एकटं वाटत नाही, एवढं खरं. वाटलं असतं तर गेले नसते.”

किल्लीला हेच सगळ्यांत धोक्याचं वाटलं. तिथे बसावंसं वाटायला लावणारी हवा होती, आणि तिच्या ताईला तिथे सोबत वाटत होती. त्यातून भिंतीवरचा ऑक्सिजनमापक दुरुस्तीला गेला होता. त्याच्या जागी स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती.

त्याच आठवड्यात काकू कार्ड परत करायला आल्या. कपाट आवरताना सापडलं म्हणाल्या. कार्डाचा कोपरा चावल्यासारखा झिजला होता, दोरीला गाठ मारलेली. किल्लीनं ते आपल्या खणात ठेवलं आणि काकूंना पाणी दिलं. काकू इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “घरीसुद्धा कधी माझ्या आधी उंबरा ओलांडला नाही गं यांनी. मी चिडायचे. एकदा तरी पुढे व्हा म्हणायचे. गेले तेवढे पुढे.” मग त्यांनी पेला खाली ठेवला आणि निघाल्या. किल्लीनं त्यांच्यासाठी दार धरलं.

पुढे बाहेरून तपासणी येणार असं कळलं, आणि साहेबांना एकाएकी नियम आठवले. मेलेला माणूस कागदोपत्री हजर म्हटल्यावर तपासनीस काय म्हणतील? आतल्या माणसाला बाहेर समजण्यासाठी आता दोघांची संमती लागे, किल्लीची आणि साहेबांची; ही सुधारणा किल्लीनंच केली होती. साहेबांनी आपला पासवर्ड फोनवर, भरल्या खोलीतून, मोठ्यानं सांगितला. किल्लीनं कपाळाला हात लावला आणि लिहून न घेता टाइप केला.

पण बटण तिनं लगेच दाबलं नाही. त्या दिवशी टाक्या भरायचं काम चालू होतं. दुपार कलली होती. स्क्रीनवर आत दोन दिसत होते, काका आणि शिडी. ताई बाहेर होती, नायट्रोजनची भांडी भरून आणायला मागच्या अंगणात गेली होती. आत खरा माणूस असताना काहीही बदलायचं नाही, असं किल्लीनं ठरवलं होतं. ती वाट बघत बसली. थोड्या वेळानं शिडीनं बाहेर पडताना कार्ड टेकवलं. आत : १. फक्त काका. तिनं आणखी थोडं थांबून पाहिलं. मग बटण दाबलं.

आत : ०.

इतक्या महिन्यांत तो आकडा पहिल्यांदाच दिसत होता. किल्लीला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचं थोडं वाईटही वाटलं. काकांचं खातं उघडून तिनं तपासणीसाठी त्यातल्या जुन्या नोंदी छापून घेतल्या, त्यात बराच वेळ गेला, आणि ती ‘बंद करा’वर जाणार, इतक्यात आकडा बदलला.

आत : १.

तिला वाटलं शिडी परत गेला असेल. पण एकटा कसा जाईल? आत कोणी नाही म्हटल्यावर दार आता दोघांशिवाय उघडणार नाही. तिनं नाव पाहिलं. काका. नुकताच प्रवेश. कार्ड : जुळले. पिन : जुळला. हात : जुळला.

किल्लीनं खण ओढला. कार्ड तिथेच होतं, गाठीच्या दोरीसकट. तिनं ते हातात घेतलं आणि स्क्रीनकडे पाहिलं. कोणीतरी नक्कल केली, हा तिचा पहिला विचार. कार्डाची नक्कल होते, पिन सगळ्यांना ठाऊक होता, काका तो मोठ्यानं पुटपुटत दाबायचे. हाताचं मात्र कळेना. हाताचा नकाशा तिनं स्वतः पुसला होता. तो कशाशी जुळला?

कार्ड मुठीत धरून ती जिना उतरली. बोळाच्या तोंडाशी शिडी चहा पीत उभा होता. आत कोण गेलं ते तिनं विचारलं.

“ताई,” तो म्हणाला. “भरलेल्या भांड्याची ट्रॉली होती, दोन्ही हात अडकलेले. मी बाहेर येत होतो, दार धरलं. म्हटलं, आधी तुम्ही.”

एकामागून एक सगळं किल्लीच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ताईनं कार्ड टेकवलंच नव्हतं. यंत्राच्या लेखी ताई आत नव्हती. आणि त्या खोलीत कोणी नाही असं यंत्राला कळलं की ते दोन गोष्टी करायचं, वीज वाचावी म्हणून: दिवे घालवायचं आणि पंखा अगदी मंद करायचं. इतके महिने यातलं एकदाही काही झालं नव्हतं, कारण आत कायम कोणीतरी होतं. या लोकांनी आपल्या सौजन्यापायी कितीदा असं न टेकवता जाणंयेणं केलं असेल, कोण जाणे. आणि दर वेळी दिवे चालू राहिले होते, पंखा फिरत राहिला होता, तो काकांमुळे. त्यांना तिनं बाहेर काढलं होतं. टाक्या भरायच्या दिवशी.

तिनं शिडीला हाताला धरून ओढलं. तिला स्वतःला त्या दाराची परवानगी नव्हती. एकट्या शिडीला दारानं घेतलं असतं का? आत शून्य असतं तर नसतं. दुसरा माणूस शोधत वर जावं लागलं असतं. पण पाटीवर एक होता. शिडीनं कार्ड लावलं, पिन दाबला, तळहात टेकवला, आणि दार उघडलं.

दिवे लख्ख होते. पंखा पूर्ण जोरात घुमत होता, आणि फरशीवरचं धुकं त्या वाऱ्यानं फाटून भिंतीकडे पळत होतं. दाराच्या अगदी जवळ, भिंतीला टेकून, ताई बसली होती. ओठ निळसर झाले होते. तिनं डोळे उघडून धाकट्या बहिणीकडे पाहिलं आणि चिडक्या आवाजात विचारलं, “दिवे का घालवलेस गं?”

इस्पितळात ताईला रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरी आल्यावर, भावोजी औषधं आणायला गेले तेव्हा, ताईनं आपणहून सांगितलं. पलीकडच्या टोकाला असताना दिवे गेले. पंख्याचा आवाज उतरत उतरत थांबल्यासारखा झाला. दाराकडे जायला हवं हे कळत होतं, पण अंधारात दार कुठल्या बाजूला ते कळेना. टाक्यांना हात लावत चालले आणि बहुतेक गोल फिरले. दाराजवळ ते हिरवं बटण असतं, संकटात दाबायचं, पण अंधारात हिरवं काय आणि काळं काय. मग वाटलं, जरा बसावं.

“मग?”

“मग काही नाही. हात धरून कोणी नेलं नाही मला, तसलं काही मनात आणू नकोस. फक्त आवाज आला. ‘आधी तुम्ही.’ माझ्या मागून.”

किल्लीनं तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

“ते नेहमी मागेच असायचे ना,” ताई म्हणाली. “आवाज मागे, म्हणजे दार पुढे. तशी मी चालले. थोड्या वेळानं दिवे आले.”

मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असे आवाज ऐकू येतात, हे किल्लीला माहीत होतं. ती ते बोलली नाही.

साहेबांना द्यायच्या अहवालात तिनं स्पष्टीकरण लिहिलं, आणि ते बरंचसं खरंही असावं. दाराशी जो कंट्रोलर, म्हणजे दार चालवणारा छोटा संगणक, असतो त्याला स्वतःची स्मृती असते. मुख्य यंत्रात केलेला बदल त्याच्यापर्यंत नीट पोचला नाही तर तो आपली जुनी माहिती परत पाठवतो, आणि पुसलेली गोष्ट पुन्हा उगवते. काका आत, ही त्याची जुनी आठवण होती. इथपर्यंत ठीक. पण जुनी आठवण असती तर जुन्या वेळेची आली असती. हा प्रवेश नवा होता. शिवाय आत शून्य असताना दारानं एकट्या माणसाला घेतलं होतं, आणि आत कोणी असेल तरच ते एकट्याला घेतं. म्हणजे त्या क्षणी आत कोणीतरी आहे हे यंत्राला ठाऊक नव्हतं आणि जो आला त्याला ठाऊक होतं. हे वाक्य तिनं लिहिलं, वाचलं आणि खोडलं. हाताबद्दल काहीच लिहिलं नाही. जवळ असलेलं कार्ड खणात होतं, ठाऊक असलेला पिन सगळ्यांचा झाला होता. तिसरं जे उरतं, माणूस काय आहे ते, त्याचा नकाशा तिनं स्वतःच्या बोटानं पुसला होता, आणि ते जुळलं होतं.

पंखा आता आकड्यावर अवलंबून राहणार नाही, अशी तारांची जोडणी तिनं समोर उभं राहून करून घेतली. ऑक्सिजनमापक परत आला. साहेबांनी कुठून कुणास ठाऊक, पण एक नवा तंत्रज्ञ मिळवला. काकांना मात्र स्क्रीनवरून बाहेर काढायचं किल्लीला धैर्य होईना. ते बटण तिला आता वेगळं दिसत होतं. माणसाला न विचारता, त्याच्याकडे न बघता, वरच्या मजल्यावर बसून समजायचं की तो बाहेर आहे.

ताई कामावर परत आली त्या दिवशी दुपारी किल्लीनं साहेबांकडून स्वतःसाठी एका दिवसाची परवानगी घेतली आणि दोघी थंड खोलीत गेल्या. दोघींनी रीतसर कार्ड, पिन, हात. पाटीवर तीन झाले. आत टाक्यांची झाकणं बंद होती, तरी एका टाकीतून थोडं धुकं सुटत होतं. ट्रॉली दाराकडे तोंड करून उभी होती. फरशीला खरंच ढाळ होता. किल्लीनं वाकून पाहिलं.

तिनं खिशातून काकांचं कार्ड काढलं आणि आतल्या बाजूला टेकवलं. हिरवा दिवा लागला, दार सुटलं. ते दार फार जड होतं आणि वरच्या स्प्रिंगमुळे दर वेळी धाडकन आपटायचं, बोळातली काच थरथरायची. किल्लीनं खांदा लावून ते धरलं.

“काका,” ती म्हणाली. “काका, आधी तुम्ही.”

काही झालं नाही. धुकं उंबऱ्यावरून बोळात ओघळत राहिलं. तिचा खांदा भरून आला.

“ते जायचे नाहीत,” ताई हळूच म्हणाली. “आपण आत असताना? कधी गेलेत का?”

ताईनं आपलं कार्ड टेकवलं आणि ती बाहेर पडली. किल्लीनं आपलं टेकवलं. मग दारावरचा खांदा काढला आणि दार सोडून ताईच्या मागे निघाली. चार पावलं गेली तरी दार आपटलं नाही. तिनं मागे पाहिलं नाही, ताईनंही नाही. मग पाठीमागे कडी बसल्याचा बारीक आवाज आला, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार कोणी हातानं सावकाश ओढून घ्यावं तसा.

बोळ अरुंद होता. तरी दोघी बहिणी एका कडेला सरकून, पुढेमागे चालत गेल्या, बाजूनं आणखी एकाला जाता यावं एवढी जागा ठेवून.